मास्तरांच्या अँपातली शिट्टी

कानसेनाच्या दुकानावर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. 'गिटारचे अँप, स्पीकर व जुने रेडिओ दुरुस्त होतील' असं तिच्यावर सरळसाधं लिहिलेलं होतं. लोक मात्र 'कानसेनाकडे टाक' म्हणत आणि तेवढ्यावर काम भागे. नावही गिऱ्हाइकांनीच दिलेलं. बिघडलेला अँप चालू करायचा, गिटारची एक तार छेडायची, मान तिरकी करून डोळे मिटायचे आणि 'दुसरा व्हॉल्व्ह' म्हणून मोकळं व्हायचं, अशी त्याची रीत होती. बहुतेक वेळा तो दुसरा व्हॉल्व्हच असे. नसला, की कानसेन पुन्हा डोळे मिटून घेई.

त्याच्याकडे येत ते गिटारचा आवाज मोठा करणारे, जुन्या धाटणीचे, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप. मागचं झाकण काढलं की आत लोणच्याच्या लहान बरण्यांएवढे व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले दिसत. हे अँप तापायला वेळ घेतात, उचलताना कंबर मोडतात आणि जरा काही झालं की रुसतात. त्यांचे मालक साधारण तसेच असतात. अशा वस्तूंवर आणि अशा माणसांवर कानसेनाचं घर चालत होतं.

पुलापलीकडच्या दुरुस्तीवाल्याने आवाजाच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र घेतलं, तेव्हा बायकोने सुचवून पाहिलं, आपणही घेऊ या का म्हणून. कानसेनाने दोन्ही हातांनी आपले कान धरून दाखवले. "ही दोन आहेत की! आणि यांना वीज लागत नाही." तिने विषय सोडून दिला. कुठे गप्प बसावं हे संसारात माणूस शिकतोच, आणि ती तर मास्तरांची मुलगी, शिस्तीत वाढलेली.

मास्तर म्हणजे कानसेनाचे सासरे. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. उभा जन्म मुलांना रांगेत उभं करण्यात गेला. गळ्यात शिट्टी आणि कानांत कापसाचे बोळे. त्या बोळ्यांना मुलं हसत, इतर शिक्षक हसत आणि जावई झाल्यावर कानसेनही पोटभर हसला होता. "शिट्टी मुलांसाठी आहे, माझ्यासाठी नाही," एवढंच मास्तर म्हणत आणि बोळे आणखी आत ढकलत. निवृत्त झाल्यावर शिट्टी खिळ्याला अडकली आणि तरुणपणीची गिटार खिळ्यावरून खाली उतरली. त्यांनी आपल्याच वयाच्या तिघांना गोळा करून बँड काढला. ड्रमवर एक निवृत्त दंतवैद्य होते. हात आवरायची सवय त्यांना दवाखान्यातही नव्हती म्हणे.

सासऱ्या-जावयाचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. माणसाने ताठ उभं राहावं, धावावं, पोहावं, असं मास्तरांचं मत. आणि जावई दिवसभर पाठीला पोक काढून खोक्यात डोकं घालून बसलेला. "काय, जावईबापू," असं ते म्हणत, त्यातला 'बापू' इतका लांबवत की त्यात बाकीचं सगळं बोलून होई.

तर या मास्तरांचा अँप महिन्यापूर्वी गुरगुरायला लागला आणि नाइलाजाने जावयाकडे आला. घरचं काम म्हणून कानसेनाने त्यात जरा जास्तच जीव ओतला. वीज साठवणारे, म्हातारे झालेले कपॅसिटर बदलले, ते ठीकच. पण आतल्या वायरींचं जंजाळ पाहून त्याला राहवेना. त्याने एकेक वायर सोडवली, भांग पाडावा तशा सगळ्या सरळ शेजारीशेजारी बसवल्या, मेणदोऱ्याने घट्ट बांधल्या आणि त्या कलाकृतीचा फोटो काढून दुकानाच्या भिंतीवर लावला. अँप न्यायला आलेल्या मास्तरांनी फोटो पाहिला आणि "हं" म्हणाले. मास्तरांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणी शाल घालण्यासारखं होतं. कानसेन दोन दिवस शीळ घालत हिंडला.

आठवड्याभरात मास्तर अँप घेऊन परत आले.

"गुरगुर गेली," ते म्हणाले. "आता शिट्टी वाजते."

"कसली शिट्टी?"

"बारीक. कानात सुई घातल्यासारखी. आवाज वाढवला की सुरू होते."

कानसेनाने अँप लावला, तापू दिला, आवाज वाढवला, मान तिरकी केली, डोळे मिटले. काही नाही. बाकावर शेजारच्या अँपच्या उबेला झोपलेलं दुकानातलं मांजर तेवढं दचकून उठलं आणि कान मागे पाडून दाराबाहेर पळालं. हे मास्तरांना घाबरतं, कानसेनाने मनात म्हटलं. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

"शिट्टी नाहीये," तो म्हणाला.

"ही काय वाजतेय!"

"कुठे?"

"इथे!" रांग मोडणाऱ्या मुलाकडे दाखवावं तसं मास्तरांनी अँपकडे बोट दाखवलं.

सासऱ्याशी वाद घालण्यापेक्षा दुरुस्ती केलेली परवडते. कानसेनाने बायकोच्या विणकामातली लाकडी सुई घेऊन एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली. नादखुळा व्हॉल्व्ह असेल तर टिचकीला स्पीकरमधून किणकिणतो. एकही किणकिणला नाही. त्याने व्हॉल्व्ह बदलले, त्यांच्या बैठका घासल्या, संशय येईल तो टाका पुन्हा मारला. मास्तर अँप घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. शिट्टी होती. त्याने पुढची दुरुस्ती केली. मास्तर पुन्हा गेले, पुन्हा आले. तो जड अँप उचलून आणताना ते ताठच चालत, हे बघून तर कानसेनाला जास्तच राग येई.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "राग मानू नका. जन्मभर शिट्ट्या मारल्यात तुम्ही. आता त्या डोक्यात वाजत असतील."

मास्तर लाल झाले. "रविवारी व्यायामशाळेच्या सभागृहात आमचं वादन आहे. सगळा मोहल्ला येणार. तोवर शिट्टी गेली तर ठीक, नाहीतर मी अँप पुलापलीकडे नेतो. त्याच्याकडे यंत्र आहे म्हणे."

हे मात्र कानसेनाच्या वर्मी लागलं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पण सख्खा सासरा अँप उचलून पुलापलीकडे जाताना दिसला, तर कानसेन या नावावर पाणी सोडावं लागणार होतं, आणि त्या नावावाचून त्याच्याजवळ विणकामाच्या सुईपलीकडे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात बायकोला ताप आला. कानसेनाने नवा थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला आणि समोर बसला. जरा वेळाने ती हातवारे करायला लागली. "बोलू नकोस, वाजू दे," तो म्हणाला. तिने डोळे मोठे केले. त्याने ओठांवर बोट ठेवलं. अखेर तिने थर्मामीटर थुंकूनच टाकला.

"अहो, वाजला की! कधीचा वाजला!"

"कुठे वाजला? बिघडलाय हा," म्हणून त्याने तो बारीक पेचकसाने उघडला.

घरातली वाजणारी प्रत्येक वस्तू त्याने अशी एकदा तरी उघडली होती. दार उघडं राहिल्याचं सांगणारा फ्रिज, ओव्हनची घंटी, कपडे धुण्याच्या यंत्राची टुणटुण. हल्लीच्या वस्तू मुक्या बनवतात, असं त्याचं मत झालं होतं. "वाजतं की," ती म्हणे. त्याला वाटे, हिनेच पसंत केलेल्या वस्तू, म्हणून ही त्यांची बाजू घेते. तिला वाटे, याचं लक्षच नसतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, की नवऱ्याला ऐकू न येणं हा काही आजार नव्हे.

शनिवारी दुपारी कानसेनाने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. दुकानात एक जुनी पेटी होती, स्पीकर तपासायची. तिचं बटण फिरवत नेलं की सूर जाडाचा बारीक, बारीकाचा आणखी बारीक होत जाई, आणि पेटी चालू असेपर्यंत तिच्या काचेमागची सुई थरथरत राही. हातच्या काकणाला आरसा कशाला? मास्तरांचे कान त्यांच्याच मुलीसमोर तपासायचे, म्हणजे घरात पुढे बोलणं उरणार नाही. बायको तापातून उठली होती. तिला साक्षीदार म्हणून दाराशी बसवलं. मास्तरांना पेटीकडे पाठ करून खुर्चीत बसवलं.

"ऐकू आलं की हात वर करायचा."

"डावा की उजवा?"

"कुठलाही चालेल."

"कवायतीत कुठलाही हात नसतो."

"उजवा."

त्याने पेटी लावली. जाड सूर निघाला, मास्तरांचा हात झटकन वर गेला, कोपरात वाक नाही, बोटं जुळलेली. सूर थांबला, हात खाली. मधला सूर, हात वर. बारीक, हात वर. कानसेन बटण पुढे नेत राहिला. सूर बारीक होत होत दोऱ्यासारखा झाला आणि विझला. हात वरच होता.

सापडले, कानसेन मनात म्हणाला. त्याने बटण आणखी फिरवलं. पेटी गप्प, आणि मास्तरांचा हात ध्वजाच्या काठीसारखा ताठ. त्याने हसून बायकोकडे पाहिलं, बघ तुझे बाबा, अशा अर्थाने. बायकोने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

"मास्तर, हात का वर?"

"वाजतंय म्हणून!"

"पेटी गप्प आहे मास्तर. केव्हाची गप्प आहे."

"अहो, बंद करा ते आधी!" बायको ओरडली. "दातांतून कळ निघतेय!"

कानसेनाने पेटीकडे पाहिलं. काचेमागची सुई थरथरत होती. त्याने पेटी बंद केली. मास्तरांचा हात खाली आला आणि बायकोची बोटं कानांतून निघाली. त्याने पेटी लावली. हात वर, बोटं आत. पुन्हा बंद, पुन्हा चालू. एकमेकांना न बघता दोघं बापलेक एकाच वेळी तेच करत होती, आणि कानसेनाला त्या खोलीत फक्त बटणाची टकटक ऐकू येत होती.

त्याने पेटी बंद करून हात मांडीवर ठेवले. तो घाबरला होता. वर्षानुवर्षं याच बाकाशी बसून त्याने अँप कान फाटेपर्यंत वाजवून तपासले होते, कानांत काही घालायचं नाही हे मोठ्या दिमाखाने सांगत. आणि त्या अँपांनी ते शब्दशः खरं केलं होतं. दुकानातलं प्रत्येक हत्यार त्याने कधी ना कधी तपासलं होतं, हे दोन सोडून.

"फ्रिज," बायको हळूच म्हणाली. मग, "ओव्हन. थर्मामीटर." मग ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे मी आतून हाक मारायची तेव्हा..."

"केव्हा?"

"रोजच! मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता. शेवटी चिडून मी हाक मारायचीच सोडून दिली."

तिला रडू येत होतं आणि उघड्या पडलेल्या थर्मामीटरची आठवण होऊन हसूही येत होतं. दोन्ही एकदमच आलं. कानसेनाने खुर्ची फिरवून बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं आणि आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मान खाली घातली.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"काय माहीत! ऐकू येत नाही, हे ऐकू थोडंच येतं?" मग त्याने घसा साफ केला. "मास्तर, मला तुमची शिट्टी ऐकू येत नाही."

मास्तर उठले. "मला येते," ते म्हणाले. "हत्यारं काढा."

अँप बाकावर आडवा झाला, त्याचं पोट उघडलं. कानसेनाने डावा हात खिशात घातला, उजव्यात लाकडी सुई घेतली. "चालू अँपात मेलेल्या माणसाएवढी वीज असते, म्हणजे माणूस मरेल एवढी," तो म्हणाला. त्याचं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं. "दोन्ही हात लागले तर ती छातीतून जाते. म्हणून एक हात खिशात. तुम्हीही घाला."

"खिशात हात घालणाऱ्या मुलांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो."

"इथे खिशात हात नसला तर फेऱ्या मारायला माणूस उरत नाही."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा उभ्या उभ्या खिशात हात घातला. तो आत शिरताना त्यांना लाज वाटत असल्याचं स्पष्ट दिसत होतं.

आवाज वाढवला. कानसेन सुईच्या टोकाने एकेक वायर जराशी ढकलू लागला, आणि मास्तर कान देऊन सांगू लागले. "आहे. आहे. तशीच आहे. पुढे." सुई मेणदोऱ्याने बांधलेल्या त्या सुबक जुडग्याला टेकली. "वाढली!" कानसेनाने जुडगं दुसऱ्या बाजूला दाबलं. "कमी झाली. अजून. अरे थांब, थांब तिथेच! हलू नकोस!"

जावईबापूचा 'अरे' कधी झाला, हे मास्तरांच्याही लक्षात आलं नाही. कानसेनाच्या आलं, पण तो हलला नाही.

त्याने अँप बंद केला, आतली साठलेली वीज उतरवली, दोरा कापला आणि जुडग्यातल्या दोन वायरी एकमेकींपासून लांब नेल्या. पुन्हा लावला. "गेली," मास्तर म्हणाले. सुईने वायरी जवळ आणल्या. "आली." लांब नेल्या. "गेली!" एक वायर गिटारचा नाजूक आवाज आत नेणारी, दुसरी मोठा झालेला आवाज स्पीकरकडे नेणारी. कानसेनाने दोघींना शेजारी निजवून बांधलं होतं, त्यामुळे मोठीचा आवाज धाकटीत शिरून पुन्हा मोठीत येत होता आणि गोल फिरत शिट्टी मारत होता. मूळ बनवणाऱ्याने ते जंजाळ मुद्दामच तसं सोडलं होतं.

"म्हणजे बिघाड माझाच," कानसेन म्हणाला. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

मास्तरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "रांग मात्र छान लावली होतीस," ते म्हणाले. अँप पूर्ण आवाजात चालू होता, आणि मांजर दारातून आत आलं, बाकावर चढलं आणि त्याच्या उबेला अंग टाकून झोपलं.

रविवारी व्यायामशाळेचं सभागृह भरलं होतं. पुलापलीकडचा दुरुस्तीवालाही तिसऱ्या रांगेत येऊन बसला होता. तारा जुळल्या, आणि ड्रममागून दंतवैद्यांनी नेहमीप्रमाणे आरोळी दिली, "कानसेन, आवाज बघ रे जरा! तू हो म्हटल्याशिवाय सुरू करत नाही."

कानसेन नेहमीप्रमाणे मधोमध जाऊन उभा राहिला. मास्तरांनी तार छेडली. त्याची मान सवयीने तिरकी झाली, डोळे मिटले. 'मस्त' एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. खरं काय ते बायकोला आणि मास्तरांनाच ठाऊक होतं, आणि ती दोघं बोलणारी नव्हती. सभागृहात सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग त्याने डोळे उघडले.

"मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला. "माझे कान गेलेत. बारीक सूर ऐकूच येत नाहीत. मास्तरांना विचारा."

कुणी हललं नाही. दंतवैद्यांच्या हातातल्या काठ्यासुद्धा थांबल्या. कानसेनाला वाटलं, आता ही शांतता तरी आपल्यालाच ऐकू येतेय की सगळ्यांना?

"आवाज उत्तम आहे!" मास्तर मैदानावरच्या आवाजात गरजले. "काल ह्याने दुरुस्त केलाय आणि मी ऐकलाय. उद्यापासून मी दुकानात बसणार. हात ह्याचे, कान माझे. ज्याला अँप दाखवायचा असेल त्याने रांगेत यावं!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. पुलापलीकडच्यानेही दोन वाजवल्या. मास्तर गिटार गळ्यात घेऊनच खाली उतरले, जावयासमोर आले आणि सदऱ्याच्या खिशातून कापसाचे दोन बोळे काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"गेले ते गेले," ते हळू, पण त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले. "उरलेत ते सांभाळ."

कानसेन जागेवर येऊन बसला आणि त्याने सगळ्यांदेखत बोळे कानांत घातले. कुणी हसलं असेल तर त्याला ते ऐकू आलं नाही. दंतवैद्य ड्रमवर तुटून पडले. मास्तर ताठ उभे राहून वाजवत होते, आणि त्यांचा अँप जाड, गोड आवाजात गात होता.

शेजारी बायकोचे ओठ हलल्यासारखे त्याला वाटले. एरवी तो तसाच समोर बघत राहिला असता. आज त्याने एक बोळा काढला, पूर्ण तिच्याकडे वळला आणि विचारलं, "काय म्हणालीस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "हाक मारून बघत होते."